भार कोणाच्या डोक्यावर? : अर्थतज्ज्ञ आंबेडकरांच्या राजकीय कारकिर्दीची प्रस्तावना

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे त्या राजीनाम्याचं कारण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ते राहायलाच हवं होतं. पण त्याच निवेदनात आणखी एक तक्रार आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. कायदा खात्याबरोबर पुढे नियोजनाचं खातंही आपल्याकडे येईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते आलं नाही. मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती नेमली गेली तेव्हा, आपण मुळात अर्थशास्त्र आणि वित्तव्यवस्थेचे विद्यार्थी असल्याने त्या समितीवर आपल्याला घेतलं जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तिथेही त्यांना आधी डावललं गेलं. वयाची साठी गाठलेला, राज्यघटनेच्या मसुदा समितीचं काम पार पाडलेला हा माणूस देशापुढे आपली ओळख अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशी करून देत होता. त्या ओळखीचा आपण पुरेसा विचार केलेला नाही.

त्यांच्या पदव्यांची यादी महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असते. जयंतीच्या फलकांवर ती ओळीने लिहिलेली असते, आणि ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारलं गेलं त्यांनी ती अभिमानाने मिरवावी हे सर्वस्वी रास्त आहे. मात्र त्या पदव्यांसाठी लिहिलेल्या प्रबंधांत नेमकं काय आहे, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर अडखळतं. महाराष्ट्र शासनाच्या लेखन-भाषणांच्या मालेतला सहावा खंड, वसंत मून यांनी संपादित केलेला, १९८९ पासून उपलब्ध आहे. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारापासून रुपयाच्या प्रश्नापर्यंतचं त्यांचं अर्थविषयक लेखन एकत्र आहे. जातिप्रश्नावरचं त्यांचं लेखन ज्या असोशीने वाचलं जातं, त्या असोशीने हा खंड वाचला गेला नाही. परिणाम असा झाला की आंबेडकर तरुणपणी अर्थशास्त्र शिकले आणि नंतर ते बाजूला ठेवून समाजकारणात व राजकारणात गेले, असा समज रुजला. हा समज चुकीचा आहे.

अर्थतज्ज्ञ राष्ट्रीय राजकारणात पोचण्याची आपल्याला परिचित असलेली वाट सत्तेच्या आतून जाते. डॉ. मनमोहन सिंग मुख्य आर्थिक सल्लागार होते, मग रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, पुढे अर्थमंत्री आणि पंतप्रधान झाले. सत्तेला त्यांचं ज्ञान हवं होतं आणि तिने ते मागून घेतलं. आंबेडकरांची वाट नेमकी उलटी आहे. त्यांचं ज्ञान कोणी मागितलं नाही. ते ज्यांच्या उपयोगी पडावं अशी माणसं आधी उभी करावी लागली, त्यांची संघटना बांधावी लागली, त्यांच्यासाठी पाण्याचा आणि मताचा हक्क मिळवावा लागला. म्हणून त्यांच्या राजकारणाकडे पाहताना अर्थशास्त्र दिसेनासं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या प्रत्येक मोठ्या राजकीय कृतीमागे दोन प्रश्न आढळतात, आणि ते दोन्ही त्यांनी तिशीच्या आसपास, ग्रंथालयात बसून घडवलेले होते. राज्याच्या व्यवहाराचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर पडतो? आणि ज्याच्या हातात पैसा, जमीन किंवा कायदा आहे त्याच्या हाताला बंधन कोण घालतं?

शिक्षणाचा तपशील परिचित आहे, तो थोडक्यात सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. तिथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे थोर अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावं लागलं, आणि १९२० मध्ये स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं साहाय्य आणि एका पारशी मित्राने दिलेलं कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पीएच.डी. रीतसर १९२७ मध्ये प्रदान झाली.

एम.ए.साठी त्यांनी निवडलेला विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. पुढचा मोठा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाढीवर आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळा खजिना एका केंद्रात कसा गोळा झाला, १८७१ मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात प्रांतांना नेमून दिलेल्या रकमा कशा मिळू लागल्या, मग काही महसूल त्यांच्याकडे कसे सोपवले गेले, आणि पुढे केंद्र व प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होऊ लागली, याचा हा टप्प्याटप्प्याने मांडलेला इतिहास आहे. विषय रुक्ष वाटतो. पण त्यातला धागा पकडला की लेखकाची नजर दिसू लागते. आंबेडकर सारखे विचारतात की हा पैसा आला कुठून आणि गेला कुठे. आला शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून, म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांच्याकडून. गेला लष्करावर आणि प्रशासनाच्या वरच्या थरावर. शिक्षण आणि सार्वजनिक बांधकामं यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. कर आणि खर्च यांच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की राज्य कोणासाठी चाललं आहे ते कळतं, हे त्यांनी इथे शिकून घेतलं. सेलिग्मन यांनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. पुस्तक सयाजीरावांना अर्पण केलेलं आहे.

मधल्या काळात, १९१७ मध्ये, कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीस गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हा प्रसंग मराठी वाचकाला सांगायला नको. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचं शिकवणं ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येत, आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातून त्यांनी पाणी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. रुपयाच्या मूल्याबद्दल वर्गात बोलणाऱ्या माणसाला पाण्याच्या भांड्याजवळ त्याचं मूल्य सांगितलं जात होतं. जात ही केवळ धर्माची किंवा मनाची बाब नाही, ती माणसाच्या श्रमाला आणि ज्ञानाला बाजारात उतरूच देत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्याच वर्षी, १९१८ मध्ये, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध आला. माझ्या मते आंबेडकरांच्या अर्थविचाराचा सर्वांत मोलाचा मजकूर याच थोड्या पानांत आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात एक चर्चा जोरात होती: शेतीचे तुकडे फार झाले आहेत, ते एकत्र करा, वारसाने होणारी वाटणी थांबवा, म्हणजे शेती सुधारेल. कृषी खात्याचे संचालक कीटिंग आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांच्यासारखे जाणकार त्यात होते. किफायतशीर शेत म्हणजे ज्यात एका कुटुंबाचा बऱ्यापैकी निर्वाह होईल एवढं शेत, अशी त्यांची साधारण व्याख्या होती.

आंबेडकरांनी या व्याख्येवरच बोट ठेवलं. कुटुंबाला खायला किती लागतं, यावरून शेत किती मोठं हवं ते ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, तेव्हा माप उत्पादनाचं लावा. शेतकऱ्याकडे बैल किती, अवजारं कोणती, भांडवल किती, कामाला हात किती, या सगळ्यांशी जमिनीचं प्रमाण जुळतं का ते बघा. दोन एकरांचं शेत पुरेशी साधनं असलेल्या माणसाला किफायतशीर ठरू शकतं आणि वीस एकरांचं शेत बैलजोडी नसलेल्याला डोईजड होतं. मग त्यांनी प्रश्न पालटला. आपल्याकडे जमिनीच्या मानाने भांडवल तुटपुंजं आहे आणि माणसं मात्र फार. ही जादा माणसं शेतावर राबताना दिसतात, पण त्यांच्या असण्याने पिकात भर पडत नाही. ती शेतीवर बसून खातात, कारण जायला दुसरीकडे जागा नाही. जमिनीचे तुकडे एकत्र केले तरी ही माणसं तिथेच उरतील. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा उपाय शेतीच्या बाहेर आहे, तो कारखानदारीत आहे. उद्योग वाढले, जादा हात तिकडे गेले, भांडवल साठू लागलं की शेतांचा आकार आपोआप सुधारेल.

हे १९१८ साली, सत्तावीस वर्षांच्या माणसाने लिहिलं आहे. शेतीतल्या अशा जादा श्रमिकांना उद्योगाकडे वळवण्यावर उभा असलेला आर्थर लुईस यांचा प्रसिद्ध सिद्धांत १९५४ मध्ये आला आणि पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दोघांची मांडणी एकच आहे, असा दावा करण्याची गरज नाही. लुईस यांनी पद्धतशीर सिद्धांत म्हणून जे उभारलं ते आंबेडकरांच्या निबंधात नाही. पण मूळ निरीक्षण तिथे स्वच्छ आहे. शिवाय त्याला पुढे एक राजकीय शेपूट फुटलं. खेड्याविषयीच्या हळव्या स्वप्नात आंबेडकर कधीच का रमले नाहीत, याचं निम्मं कारण जातीत आहे आणि निम्मं या निबंधात. जे खेडं अस्पृश्याला वेशीबाहेर ठेवतं, तेच खेडं त्याच्या श्रमाला किंमतही देऊ शकत नाही.

आता रुपया. लंडनच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला हा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, परीक्षकांना त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका खुपली, मजकुरात फेरफार करावा लागला आणि १९२३ च्या अखेरीस तो पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाला. प्रा. एडविन कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवूनही त्याला कौतुकाची प्रस्तावना लिहिली. पुस्तक आंबेडकरांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे.

प्रश्न समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. रुपया चांदीचा होता. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. १८७० नंतर जगात चांदीचा भाव घसरत गेला, तसा सोन्याच्या पौंडाच्या तुलनेत रुपयाही घसरला. १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. इथल्या सरकारला दरवर्षी लंडनला होम चार्जेस, म्हणजे ब्रिटनमध्ये चुकवायची देणी, भरावे लागत, तेही सोन्याच्या पौंडांत. त्यामुळे तिजोरीवरचा बोजा वाढत गेला. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर बांधला गेला. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याचं चलन आणण्याची शिफारस केली होती, पण प्रत्यक्षात घडलं वेगळंच. रुपया चांदीचा, त्याची बांधिलकी सोन्याशी, आणि तो दर लंडनमध्ये हुंड्या विकून सांभाळायचा, अशी व्यवस्था रूढ झाली. तिलाच सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची वाखाणणी केली होती.

आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या, पण सरकारसाठी उघड्याच राहिल्या. आता रुपये किती पाडायचे हे फक्त सरकार ठरवणार आणि त्याला कसलीही मर्यादा नाही. रुपये जास्त पाडले की वस्तूंचे भाव चढतात, रुपयाची खरेदीची ताकद घटते. परदेशी चलनाशी असलेला दर सांभाळला जातो आहे एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे घराचा दर्शनी भाग रंगवून आतली वाळवी विसरणं. सामान्य माणसासाठी रुपयाचं मूल्य म्हणजे बाजारात त्याच्या बदल्यात किती धान्य येतं ते. म्हणून त्यांनी सोन्याचं चलन आणि त्याच्या जोडीला संख्येची कायमची मर्यादा घातलेला रुपया सुचवला. नाणं पाडण्याचा सरकारचा अधिकारही थांबवा, असा त्याचा अर्थ होता.

आणि या तांत्रिक वादातही त्यांनी आपला जुना प्रश्न सोडला नाही. रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो, व्यापार वाढतो, म्हणजे देशाचं भलं होतं, असं तेव्हा बरेच जण मानत होते. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक स्वस्त रुपयाच्या बाजूचे होते आणि राष्ट्रीय चळवळीतल्या अनेकांनी त्यांची बाजू घेतली. आंबेडकरांनी विचारलं, हा फायदा आला कुठून? भाव वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. निर्यातदाराच्या गल्ल्यात जे जास्तीचं पडलं ते मजुराच्या ताटातून उचललेलं होतं. देशाला झालेला लाभ म्हणून जो दाखवला जातो, तो देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढून घेतलेला हिस्सा असू शकतो. देश या शब्दाने व्यापारी आणि मजूर यांचे हितसंबंध झाकले जाऊ नयेत, हा त्यांच्या पुढच्या साऱ्या राजकारणाचा पाया इथे, चलनाच्या चर्चेत, घातलेला आहे. डिसेंबर १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी धंदेवाला वर्ग आणि मेहनतीवर जगणारा वर्ग यांच्या हिताचा वेगवेगळा विचार मांडला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आंबेडकरांच्या पुस्तकामुळे रिझर्व्ह बँक स्थापन झाली, असं अलीकडे सर्रास लिहिलं जातं. हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १९३५ मध्ये ती बँक सुरू झाली, हे खरं. पण रुपयाच्या प्रश्नावरच्या पुस्तकाचा भर बँक काढण्यावर नाही. चलन काढणाऱ्याच्या हातावर मर्यादा घालण्यावर आहे. आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सचा दर सुचवला, सुवर्णचलनाची आंबेडकरांची योजना स्वीकारली नाही, आणि १९३१ मध्ये ब्रिटननेच सोन्याशी नातं तोडल्यावर तो सगळा वाद इतिहासजमा झाला. त्यांची योजना मागे पडली तरी तिच्यामागची शंका मागे पडलेली नाही. त्यांना जे श्रेय देता येत नाही ते देण्याच्या नादात जे खरंच त्यांचं आहे ते आपण हातचं घालवतो.

१९२७ हे वळणाचं वर्ष. फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून त्यांनी काम सुरू केलं, मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. एक काम सभागृहात, दुसरं रस्त्यावर. सभागृहातलं त्यांचं पहिलं अर्थसंकल्पीय भाषण काढून वाचावं. प्राप्तिकर भरणाऱ्याचं उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा कमी असेल तर त्याला कर माफ असतो. शेतकऱ्याला मात्र पीक आलं काय, बुडालं काय, सारा भरावाच लागतो, ही विषमता त्यांनी तिथे मांडली. कोलंबियाचा प्रबंध आता कुणब्याच्या बाजूने बोलत होता.

१९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. महार वतन म्हणजे काय हे गावात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं: थोडीशी इनाम जमीन, गावाकडून मिळणारं बलुतं, आणि त्या मोबदल्यात सरकारी कामासाठी रात्रंदिवस हजर राहायचं, घरातल्या कोणीही. आंबेडकरांनी त्याचा हिशेब मांडला. काम सरकारचं, पण पगार गावाने द्यायचा. आणि महार जरा ताठ मानेने वागला की गाव बलुतं बंद करणार. म्हणजे पगार देणारा आणि शिक्षा करणारा एकच. त्यांनी सुचवलेला उपाय पुन्हा वित्तव्यवस्थेच्या अभ्यासकाचा होता: बलुत्याऐवजी रोख उपकर बसवा, तो शेतसाऱ्याबरोबर वसूल करा आणि सरकारने रोख वेतन द्यावं. अपमान कसा होतो यावर त्यांना तासभर बोलता आलं असतं. त्यांनी त्या अपमानाची पैशाची व्यवस्था उघडी केली. विधेयक मंजूर झालं नाही. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

खोतीचं प्रकरण त्याहून मोठं. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. तो कुळाकडून खंड घेई, सरकारला सारा भरी, आणि मधल्या अंतरावर जगे. शिवाय वेठ होतीच. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे आंबेडकर घराण्याचं मूळ गाव याच टापूत. अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून काही वर्षं जमीन कसायलाच नकार दिला होता. त्या संपाला आंबेडकरांचा पाठिंबा होता. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे, हे जाणून केलेलं होतं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं: खोताला भरपाई द्या आणि कुळाला जमिनीचा हक्काचा कब्जा. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी, आगरी, महार एकत्र होते. विधेयक तेव्हा पुढे सरकलं नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

१९३८ मध्येच ७ नोव्हेंबरला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. मात्र कामगार ऐक्याच्या घोषणेने ते कधीच पूर्ण भारावले नाहीत, कारण गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेतलं जात नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. जास्त मजुरीचं काम त्यामुळे एका जातीला बंद. जात म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी, असं समर्थन करणाऱ्यांना त्यांनी जे उत्तर दिलं ते इथूनच उगवलं आहे: या व्यवस्थेत कामं वाटली जात नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांवर रचलेल्या कप्प्यांत कोंडली जातात. एका धंद्याला मंदी आली तरी माणूस दुसऱ्या धंद्यात जाऊ शकत नाही, म्हणून बेकारीही जातीतून जन्मते. मार्क्सवाद्यांना आणि धर्मसुधारकांना, दोघांनाही अडचणीचं असं हे विधान अर्थशास्त्राच्या अभ्यासाशिवाय सुचलं नसतं.

१९४२ ते १९४६ ही चार वर्षं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. सत्तेच्या खुर्चीत बसून आर्थिक निर्णय घेण्याची संधी त्यांना मिळाली ती हीच. कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा वेळ ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवण्याची त्रिपक्षीय रीत या काळात पक्की झाली. याच काळातला एक निर्णय मात्र त्यांच्या चाहत्यांना गैरसोयीचा वाटतो: युद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा, १९४३ मध्ये, स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली गेली, आणि कायदेमंडळात टीका झाली तेव्हा मजूरमंत्री म्हणून आंबेडकरांना तिचं समर्थन करावं लागलं. १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. बाळंतपणाच्या रजेचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, असं १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात सांगणारा माणूस हा. सत्तेत गेल्यावर कोणते ताण येतात ते या प्रकरणावरून कळतं, आणि ते झाकून ठेवण्यात त्यांचा मान राखला जात नाही.

पाण्याचं काम या खात्यातलं सर्वांत दूरगामी. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्यांनी नदीकडे पाहण्याची रीत बदलायला लावली. पूर अडवायला बांध घालत बसण्यापेक्षा पाणी साठवा, त्यातून वीज काढा, शेती भिजवा, जलवाहतूक चालवा. आणि नदी दोन प्रांतांतून जात असेल तर तिची योजना एकत्र करा. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचं उदाहरण समोर होतं. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, त्यातूनच आजचा केंद्रीय जल आयोग आला. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. १९१८ च्या निबंधात त्यांनी शेतीवरचा उपाय उद्योगात शोधला होता. उद्योगाला वीज लागते. मधे पंचवीस वर्षं गेली, पण विचाराची साखळी तुटली नव्हती.

राज्यघटनेच्या काळातला आंबेडकर अर्थतज्ज्ञ म्हणून सर्वांत अवघड आहे. मार्च १९४७ मध्ये त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे, विमा सरकारचा, शेतजमीन सरकारच्या मालकीची आणि ती गावाने सामुदायिक पद्धतीने कसायची, आणि हे सगळं थेट घटनेत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही. दीड वर्षाने, नोव्हेंबर १९४८ मध्ये, प्रा. के. टी. शहांनी घटनेत समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षांनी तिला विरोध केला. कोणती आर्थिक व्यवस्था हवी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, असं कारण दिलं. ही विसंगती आहे, आणि ती सफाईने मिटवणाऱ्या स्पष्टीकरणांवर माझा विश्वास नाही. १९४७ चा मजकूर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या त्यांच्या पक्षासाठी लिहिलेला होता. १९४८ मध्ये ते अशा सभागृहाच्या वतीने बोलत होते जिथे त्यांच्या पक्षाचं बळ नव्हतं. मार्गदर्शक तत्त्वांत आपल्याला हवं ते थोडंफार आलं आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. पण जमिनीचा प्रश्न घटनेत सुटला नाही, याची बोच नोव्हेंबर १९४९ च्या त्यांच्या अखेरच्या मोठ्या भाषणात, राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या झगड्याचा इशारा देताना, ऐकू येते.

ज्या कलमांबद्दल मात्र शंका उरत नाही ती पैशाच्या व्यवहाराची आहेत, आणि त्यांवर भाषणं कमी होतात. केंद्र आणि राज्यं यांच्यातली महसुलाची वाटणी दर पाच वर्षांनी एका स्वतंत्र वित्त आयोगाने सुचवावी, असं २८० वं कलम सांगतं. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या इतिहासकाराने केंद्राच्या मर्जीवर चालणाऱ्या वाटणीचे परिणाम वर्षवार पाहिलेले होते. महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, न्यायसंस्थेहूनही त्याचं काम मोठं आहे, असं मत त्यांनी संविधान सभेत मांडलं. सरकारने किती कर्ज काढावं यावर संसदेने कायद्याने मर्यादा घालावी, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. त्या दिशेचा कायदा २००३ मध्ये झाला. १८९३ नंतर टांकसाळीच्या किल्ल्या सरकारच्या कमरेला राहिल्या, त्याचे परिणाम ज्याने तपासले त्यानेच ही भाषणं केली आहेत.

१९४७ मध्ये रुपयाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तेव्हा तिला भारतीय चलन आणि बँकव्यवहाराच्या इतिहासाचा पहिला खंड असं नाव दिलं गेलं. १९२३ नंतरचा काळ दुसऱ्या खंडात यायचा होता. तो लिहून झाला नाही.

नव्या वाचकाने सुरुवात लहान शेतजमिनींवरच्या निबंधाने करावी. त्याला अर्थशास्त्राची पूर्वतयारी लागत नाही, थोडी शेती माहीत असली की पुरे. त्यानंतर १९२७ चं अर्थसंकल्पीय भाषण आणि वतन विधेयकावरची भाषणं, कारण त्यांत तोच माणूस तेच प्रश्न गावकीच्या भाषेत विचारतो. मग प्रांतिक वित्तव्यवस्था. रुपयाचा ग्रंथ शेवटी घ्यावा, आणि पहिली काही प्रकरणं जड गेली तरी विनिमय दर घसरला तेव्हा मजुरीचं काय झालं हा भाग येईपर्यंत तो खाली ठेवू नये.